काउचसर्फिंग: परदेशात स्थानिकाच्या घरी राहायचं तर पैसे कुठे भरावेत आणि मेहनत कुठे करावी

काउचसर्फिंग म्हणजे प्रवाशांना परक्या गावातल्या यजमानाच्या घरी फुकट मुक्काम जुळवून देणारी वेबसाइट आणि ॲप. तिची वर्गणी भरल्यावर मिळतो तो परक्या शहरातल्या माणसाला पत्र लिहिण्याचा हक्क. त्याच्या घरात जागा मिळेल की नाही, हे ठरतं आपल्या प्रोफाइलवर, त्या पत्रावर आणि आधी जमवलेल्या रेफरन्सवर, म्हणजे भेटलेल्या सभासदांनी आपल्याबद्दल लिहिलेल्या अभिप्रायांवर. या कामांची सुरुवात निघण्याच्या किमान दोन महिने आधी करावी लागते. म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो: दोन महिने हाताशी असतील तर ही सेवा आजही पैसे भरण्यालायक आहे. पुढच्याच आठवड्यात निघायचं असेल आणि प्रोफाइल कोरं असेल, तर ते पैसे हॉस्टेलच्या पहिल्या रात्रीसाठी ठेवा.

२००४ मध्ये सुरू झालं तेव्हा काउचसर्फिंग फुकट होतं आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालत होतं. २०११ मध्ये त्याची नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली. मे २०२० मध्ये, साथीमुळे जगभरचा प्रवास थांबलेला असताना, वर्गणी लागू झाली. त्या वेळी अमेरिकेतला दर महिन्याला २.३९ डॉलर किंवा वर्षाला १४.२९ डॉलर होता. रक्कम देशानुसार बदलते, त्यामुळे पैसे भरण्याच्या पानावर दिसेल तोच आकडा खरा माना. जुन्या सभासदांना पैसे भरल्याशिवाय स्वतःचंच प्रोफाइल उघडता येईना, आणि वर्षानुवर्षं परक्यांना फुकट घरी ठेवून घेणाऱ्या यजमानांकडेही पाहुण्यांइतकीच वर्गणी मागितली गेली. आमच्या मते ही या सेवेची सर्वांत मोठी चूक, कारण तिचा सगळा जीव यजमानांत आहे. चांगले अनुभवी यजमान त्यानंतर निघून गेले आणि ती उणीव अजून भरून निघालेली नाही.

वापरणाऱ्याला याचा फटका असा बसतो की शोधात शेकडो घरं दिसतात, पण त्यातली बरीच बंद पडलेली असतात. म्हणून यादी पाहताना आधी शेवटचं लॉग-इन कधीचं आहे ते बघा आणि मग प्रतिसादाचं प्रमाण. लॉग-इन महिन्यापेक्षा जुनं असेल तर पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका. 'पाहुणे घेतो' आणि 'कदाचित घेतो' अशा दोन्ही स्थितींतल्या यजमानांना लिहा. 'कदाचित'वाल्यांकडे पत्रांची गर्दी कमी असते आणि ते पत्र नीट वाचतात.

आता रेफरन्स. एकही रेफरन्स नसलेल्या पाहुण्याला घरात घेणारे यजमान फार थोडे, आणि पहिला रेफरन्स मिळवण्यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. पुणे, मुंबई, गोवा इथे परदेशी प्रवासी सतत येत असतात. ॲपमधल्या हँगआउट या भेटी जुळवण्याच्या सोयीतून त्यांना भेटा, चहा पाजा, शनिवारवाडा किंवा क्रॉफर्ड मार्केट फिरवून आणा. अशा भेटीवरही रेफरन्स लिहिता येतो. घरी ठेवून घेतलंत तर त्याचं वजन अर्थातच जास्त, पण तिथे एक कायदेशीर जबाबदारी येते. परदेशी नागरिक घरी उतरला की २४ तासांत त्याची माहिती इमिग्रेशन खात्याच्या पोर्टलवर भरणं यजमानावर बंधनकारक आहे. यालाच सगळे सी-फॉर्म म्हणतात, आणि तो खाजगी घरांनाही लागू आहे. त्याआधी पोर्टलवर घराची नोंदणी करावी लागते, म्हणून हे काम पाहुणा दारात येण्यापूर्वीच उरका. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची संमती घ्या आणि सोसायटीच्या वॉचमनकडे नाव देऊन ठेवा. एकत्र कुटुंब, एकच बाथरूम, घरात परीक्षेला बसलेलं मूल, अशी अडचण असेल तर 'फक्त भेटू शकतो' ही स्थिती निवडून कारण सरळ लिहून टाका. यजमान ते वाचतात आणि प्रामाणिकपणा ओळखतात. 'माझं घर' हा रकाना रिकामा सोडणाऱ्याबद्दल मात्र त्यांचा समज होतो की हा फक्त घ्यायला आलाय.

बाकीच्या प्रोफाइलमध्ये चेहरा स्पष्ट दिसणारे तीन-चार फोटो हवेत, एकटे आणि माणसांत असलेले. गॉगल आणि पाठमोरा डोंगर चालणार नाही. 'प्रवासाची आवड आहे' हे वाक्य प्रत्येकाच्याच प्रोफाइलवर असतं, त्यामुळे ते वाचताच कुणी थांबत नाही. त्याऐवजी सह्याद्रीतले कोणते गड केलेत, तबला किती वर्षं शिकलात, ज्वारीची भाकरी थापता येते का, हे लिहा. यजमानाला संध्याकाळी बोलायला विषय हवा असतो. शाकाहारी असाल, दारू पीत नसाल, कुत्र्यांची ॲलर्जी असेल, तर तेही इथेच सांगा. दारात पोचल्यावर सांगायच्या या गोष्टी नव्हेत.

ओळख पडताळणीचा बिल्ला काहींना फार मोलाचा वाटतो. त्याचा अर्थ एवढाच की कागदपत्रांवरचं नाव आणि प्रोफाइलवरचं नाव जुळतं. माणसाच्या वागण्याची हमी त्यात नाही.

पत्र लिहिताना साधा मेसेज पाठवू नका, तारखा भरून 'रिक्वेस्ट' पाठवा. रिक्वेस्ट असेल तरच यजमानाला होकार-नकाराची बटणं मिळतात आणि पुढे रेफरन्सची साखळी नीट लागते. दहा-बारा ओळी पुरेत. त्याच्या प्रोफाइलमधली एखादी नेमकी गोष्ट पहिल्या दोन ओळींत यावी. कित्येक यजमान वर्णनाच्या मध्येच एखादा शब्द पेरून ठेवतात आणि तो पत्रात नसेल तर उत्तर देत नाहीत, म्हणून प्रोफाइल तळापर्यंत वाचा. मग कोणत्या तारखेला किती वाजता कशाने पोचणार, किती रात्री, दिवसा घरी असणार की बाहेर, सामान किती, आणि जागा नसेल तर नुसती कॉफीला भेट चालेल का, हे लिहा. साधारण असं: 'तुम्ही मातीची भांडी करता हे वाचलं. माझ्या गावाजवळ कुंभारवाडा आहे, तिथल्या चाकाचे फोटो दाखवीन. १२ तारखेला संध्याकाळी सहाच्या बसने पोचते, दोन रात्री राहायचं आहे, एक चाळीस लिटरची सॅक आहे. सकाळी तुमच्याबरोबरच घराबाहेर पडेन. एका संध्याकाळी मसालेभात करून खाऊ घालायला आवडेल.' हॉटेल महाग आहे म्हणून विचारतेय, असं कुठेही येऊ देऊ नका. ते त्यालाही माहीत असतं.

दोन रात्री मागाव्यात. तिसरी त्याने आपणहून देऊ केली तर घ्यावी. आठ दिवसांची मागणी सहसा नाकारली जाते. पत्र दोन-तीन आठवडे आधी पाठवणं उत्तम: दोन महिने आधी यजमानाला स्वतःचंच वेळापत्रक माहीत नसतं, आणि आदल्या दिवशी पाठवलेलं पत्र अडचणीतल्या माणसाचं वाटतं. एका वेळी तीन-चार जणांना लिहा. एकाचा होकार आला की बाकीच्यांना त्याच दिवशी कळवा, त्यांच्या तारखा अडकून राहतात.

शहर निवडण्यात बहुतेक नवखे चुकतात. पॅरिस, ॲमस्टरडॅम, इस्तंबूल इथल्या यजमानांकडे पत्रांचा ढीग असतो. त्याच किंवा शेजारच्या देशातली दुसऱ्या फळीची, विद्यापीठ असलेली शहरं पाहा: फ्रान्समध्ये रेन किंवा ग्रनोब्ल, तुर्कस्तानात एस्किशेहिर, बेल्जियममध्ये गेंट. तिथे पाहुणा ही अजून थोडी नवलाईची गोष्ट असते आणि यजमानाकडे शहर दाखवायला वेळ असतो. मोठ्या शहरात हॉस्टेल घ्या, घर लहान शहरात शोधा. रात्रींची अशी वाटणी केली की प्रवासाचा हिशेबही बसतो.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी व्हिसाची बाजू इतकी महत्त्वाची आहे की तिच्याकडे दुर्लक्ष करणारी प्रवास-मार्गदर्शनं आपल्या उपयोगाची नाहीत. युरोपीय पासपोर्टवाला आज ठरवून उद्या कुणाच्या घरी जाऊ शकतो. आपल्याला शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या) अर्जातच राहण्याची जागा दाखवावी लागते, आणि खाजगी घर दाखवलं की त्या देशाचा अधिकृत कागद लागतो. फ्रान्समध्ये यजमानाला नगरपालिकेत जाऊन 'आतेस्तासियाँ दाक्यूय', म्हणजे पाहुण्याला घरी ठेवत असल्याचं प्रमाणपत्र, काढावं लागतं. स्पेनमध्ये निमंत्रणपत्र पोलिसांकडून घ्यावं लागतं. जर्मनीत तुमचा खर्च यजमान उचलणार असेल तर तो परदेशी नागरिक कार्यालयात तशी कायदेशीर हमी देतो. म्हणजे तुमच्या राहण्याचा, आजारपणाचा, परत पाठवण्याचाही खर्च अंगावर घेतो. सख्ख्या चुलत भावाकडे मागण्याची ही गोष्ट आहे. ॲपवर भेटलेल्या माणसाकडे ती मागणं गैर आहे, आणि तो देणारही नाही.

मग करायचं काय? अर्जात मोठ्या शहरांतली हॉस्टेलं दाखवा आणि ती खरोखर वापरा. घरी राहण्याच्या रात्री हे व्हिसा मिळाल्यानंतरचे छोटे बदल असू द्या. सगळी बुकिंगं फक्त अर्जापुरती करून दुसऱ्या दिवशी रद्द करण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. ती करू नका. दूतावास हॉटेलला फोन करू शकतो, आणि सीमेवरच्या अधिकाऱ्याने विचारलं तर दाखवायला हातात काही उरत नाही. त्याने 'कुठे राहणार' असं विचारलं, तर पहिल्या दोन रात्रींचं हॉस्टेलचं कन्फर्मेशन कागदावर छापून हातात ठेवा. पुढे मित्राकडे जाणार असाल तर त्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि फोन सांगता आला पाहिजे. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा शेंगेनसाठी तसाही लागतोच. घरी राहतोय म्हणून तो टाळता येत नाही.

पोचल्यावरची नोंदणी हा वेगळाच विषय आहे आणि इथे अडकतो तो यजमान. इटलीत युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला घरात ठेवलं तर यजमानाने ४८ तासांत पोलिसांना लेखी कळवायचं असतं. थायलंडमध्ये २४ तासांत टीएम-३० हा परदेशी पाहुण्याच्या नोंदणीचा फॉर्म भरायचा असतो. व्हिएतनाममध्ये मुदत १२ तासांची आहे, दुर्गम भागात २४ तासांची, आणि तिथले कित्येक यजमान स्वतः भाडेकरू असल्याने घरमालकाला मध्ये घेतल्याशिवाय हे होत नाही. काही जण 'राहू दे, कोण विचारतंय' म्हणतात. अशा वेळी नम्रपणे सांगा की नोंदणी करता येत नसेल तर रात्री मी गेस्टहाउसमध्ये झोपेन, जेवायला मात्र येईन. दंड झाला तर तो सहसा त्याला होतो आणि पुढच्या व्हिसाच्या वेळी प्रश्न तुम्हाला विचारले जातात. पासपोर्टच्या पहिल्या पानाची, व्हिसाची आणि प्रवेशाचा शिक्का असेल तर त्याचीही झेरॉक्स बरोबर ठेवा, नोंदणीला हीच लागते.

सुरक्षिततेबद्दल बोलताना आम्हाला गुळमुळीत बोलायचं नाही. २०१५ मध्ये इटलीतल्या पादुआत, याच सेवेतून आलेल्या पाहुणीवर अत्याचार केल्याबद्दल एका यजमानाला तुरुंगवासाची शिक्षा झाली, आणि तो पोलीस दलातला होता. नोकरी, गणवेश, बिल्ला यांवर विसंबू नका. रेफरन्स मोजू नका, वाचा. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस रेफरन्स एकट्या तरुण मुलींचे असतील तर तिथे जाऊ नका. नकारार्थी एकच असेल तरी तो पूर्ण वाचा आणि यजमानाने त्याला दिलेलं उत्तरही वाचा. उत्तरात राग आणि आरोप असतील तर तेवढं पुरे. 'बरं होतं, धन्यवाद' असा कोरडा एका ओळीचा रेफरन्स अनेकदा न लिहिलेल्या तक्रारीचा असतो. झोपण्याची व्यवस्था या रकान्यात 'एकाच पलंगावर' असं लिहिलेलं असू शकतं आणि घाईत ते वाचायचं राहून जातं. दोन मेसेजांतच बोलणं व्हॉट्सॲपवर न्यायला सांगणारा, शेवटच्या क्षणी पत्ता बदलणारा, रात्री उशिराच ये म्हणणारा, यांना नाही म्हणा. कंपनीपाशी पुरावा राहतो तो ॲपमधल्या बोलण्याचाच.

पहिली भेट दिवसाउजेडी आणि स्टेशनवर किंवा कॅफेत ठरवा. प्रोफाइलची लिंक, पत्ता आणि फोन घरी पाठवून ठेवा. जवळच्या हॉस्टेलचा पत्ता फोनमध्ये ऑफलाइन आणि त्या रात्रीचे पैसे वेगळ्या खिशात हवेत. पश्चिम युरोपात डॉर्मच्या एका खाटेला २५ ते ४० युरो धरा. हे पैसे नसतील तर घरी राहायला जाऊच नका, कारण निघून जाता येणं हीच खरी सुरक्षितता आहे. निघताना कारण द्यावं लागत नाही. एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांनी फेसबुकवरचा 'होस्ट अ सिस्टर' हा फक्त स्त्रियांचा गट जरूर पाहावा. तिथे पडताळणी आपली आपणच करायची असते, पण यजमान आणि पाहुणी दोघीही स्त्रिया असल्याने बरीच चिंता मुळातच मिटते.

घरात शिरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत चार गोष्टी विचारून घ्या: किल्ली मिळेल की त्याच्याबरोबरच बाहेर पडायचं, वायफाय, बाथरूम कधी मोकळं असतं, आणि कचरा कुठल्या डब्यात कुठला. बाथरूममध्ये आपली माणसं हमखास चुकतात. युरोपातल्या बहुतेक घरांत शॉवरच्या बाहेर फरशीला मोरी नसते. बाहेर सांडलेलं पाणी लाकडात मुरतं आणि खालच्या घराच्या छताला ओल येते. पडदा टबच्या आत सोडा, पाय पुसूनच बाहेर पडा. गरम पाणी अनेक घरांत साठवणीच्या टाकीतलं असतं, पाच मिनिटांत आटपा. जपानमध्ये टबबाहेर साबण लावून, पूर्ण धुऊन मग टबात बसायचं, आणि उठल्यावर पाणी सोडून द्यायचं नाही. तेच पाणी घरातले बाकीचे वापरतात.

स्वयंपाक करून खाऊ घालणं ही उत्तम भेट, फक्त फोडणी सांभाळा. जर्मनीत झोपण्याच्या खोल्यांत आणि पॅसेजमध्ये धुराचा अलार्म कायद्यानेच असतो. मिरचीची फोडणी त्याला पुरेशी आहे आणि ठसका शेजाऱ्यापर्यंत जातो. एक्झॉस्ट आधी लावा, स्वयंपाकघराचं दार बंद करा, दारामागे टांगलेले लोकरी कोट दुसऱ्या खोलीत न्या, तेल मध्यम आचेवर तापवा. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचं पातेलं चालत नाही आणि गोल बुडाची कढई नीट तापत नाही. घरात काय आहे ते पाहून पदार्थ ठरवा. कांदेपोहे, मसालेभात, पिठलं-भात एका पसरट भांड्यात होतात. सामान त्याच्या शहरातल्या बाजारातून तुमच्या पैशाने आणा आणि ओटा आधी होता त्यापेक्षा स्वच्छ करून सोडा.

इथून नेण्यासारखं म्हणजे पातळ पोहे, आमसुलं, चहाची पूड. पेढे, बर्फी, तूप युरोपीय संघात नेऊ नका; बाहेरच्या देशांतून प्रवाशांच्या सामानातून दुधाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे. ताजा कढीपत्ता आणि आंबेसुद्धा वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय जात नाहीत. गोडा मसाला न्यायचा असेल तर त्यात खसखस आहे का ते आधी बघा. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, आणि तिथून फक्त विमान बदलणार असलात तरी धोका घेऊ नये. ऑस्ट्रेलियात खाण्याची प्रत्येक वस्तू प्रवेशाच्या वेळी भरायच्या कार्डावर जाहीर करा, पोह्याचं पाकीटसुद्धा.

इतर पर्यायांपैकी काउचर्स फुकट आहे, वर्गणीच्या वादानंतर स्वयंसेवकांनी उभा केलेला. रचना जुन्या काउचसर्फिंगसारखी, माणसं कमी, पण पत्राला उत्तर देणारी. बी-वेलकम २००७ पासून आहे, फ्रान्समध्ये नोंदलेली ना-नफा संस्था ती चालवते, आणि युरोपात तिचा चांगला उपयोग होतो. वॉर्मशॉवर्स फक्त सायकलवर फिरणाऱ्यांसाठी आहे. पाठीवर सॅक घेऊन तिथे अर्ज करू नका, त्या यजमानांनी आपलं अंगण सायकलवाल्यांसाठीच राखलं आहे. सगळ्यांत जुनी सर्व्हास, १९४९ ची, शांतता चळवळीतून आलेली. तिथे आधी मुलाखत होते, मग परिचयपत्र मिळतं, आणि मुक्काम साधारण दोन रात्रींचा असतो. भारतातही तिची शाखा आहे. पन्नाशीच्या पुढच्यांना आणि जोडप्यांना आम्ही काउचसर्फिंगच्या आधी सर्व्हास सुचवू. गप्पा खोल होतात आणि गाळणी मुलाखतीतच लागलेली असते.

घरकाम किंवा मुलं सांभाळण्याच्या बदल्यात राहायला देतो म्हणणारे या सगळ्याच ठिकाणी भेटतात. अमेरिका, ब्रिटन यांसारखे देश ते काम मानतात आणि पर्यटक व्हिसावर चालू देत नाहीत. पैसे मागणारा यजमान तर काउचसर्फिंगच्या नियमांतच बसत नाही, त्याची तक्रार करा.

वर्गणी पहिल्यांदा महिन्याचीच घ्या. त्या महिन्यात प्रोफाइल, दोन-तीन स्थानिक भेटी आणि पहिली पत्रं एवढं होतं, आणि उत्तरं येतात की नाही हे कळतं. ॲप स्टोअरमधून पैसे भरले असतील तर आपोआप नूतनीकरण त्याच दिवशी बंद करा. मुक्कामानंतर रेफरन्स लिहायला १४ दिवस मिळतात. दोघांनी लिहिल्याशिवाय किंवा मुदत संपल्याशिवाय तो दिसत नाही, म्हणून सूड म्हणून वाईट लिहिलं जाण्याची भीती न बाळगता खरं तेच लिहा. किल्ली मिळाली का, पलंग कसला होता, वेळ किती दिला, कुठे अवघडल्यासारखं झालं, हे चार वाक्यांत आलं की तुमच्या मागून येणारी नागपूरची किंवा साताऱ्याची मुलगी ते वाचून आपला निर्णय घेऊ शकते.